खाडीतली हाक

मित्रांनो, औरादच्या एका घरात खुंटीला लांब वायरचा काळा गोळा लटकतो, तो मी. मी एक जुना हायड्रोफोन आहे. पाण्याखालचे आवाज ऐकणे हे माझे काम होते. आता माझी वायर मिठाने खाल्ली आहे, आणि समुद्र इथून फार लांब आहे.

बंगळूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या स्नेहाने मला कारवारकडच्या एका खाडीत नेले. ती औरादच्या शेतकरी घरातली. लहानपणी तिने मांजरा नदीहून मोठे पाणी पाहिले नव्हते. होडीतून मला खाली सोडून ती कानाला हेडफोन लावायची. खाली डॉल्फिन बोलत असत. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची शिट्टी असते, आणि नावाने हाक मारावी तशी इतर डॉल्फिन तीच शिट्टी वाजवतात. एका आईजवळ तिचे पिल्लू कायम असे. त्याची शिट्टी शेवटी वर चढायची, जणू काही विचारते आहे. स्नेहा ती ऐकून हसायची आणि कोरड्या फडक्याने मला जपून पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका हिवाळ्यात खाडीत साथ आली. डॉल्फिन तिरके पोहू लागले, धापा टाकू लागले. तपासणीत विषाणू सापडला. एका सकाळी ते पिल्लूही मरून वाळूवर आले. त्यानंतर कितीतरी दिवस त्याची आई त्याचीच शिट्टी वाजवत खाडीभर फिरत होती. शिट्टी वर चढायची आणि थांबायची. उत्तर येत नसे. मी ऐकत होतो, पण साद देण्याची सोय माझ्यात नाही.

स्नेहाचे त्या कामावरून मन उडाले. मला घेऊन ती औरादला परतली. गुलबर्ग्याच्या कॉलेजात शिकवायचे, असे तिने ठरवले. एका दुपारी तिची आई सत्यभामाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा स्नेहाने माझ्यातून टिपलेले त्या डॉल्फिन आईच्या शिट्टीचे रेकॉर्डिंग लावले.

"कोण हाय ही? कुणाला बोलवायलीय?" त्यांनी विचारले.

"आई हाय. मेलेल्या लेकराला बोलवायलीय."

"काय झालतं त्याला?"

"गोवराच्याच जातीचा रोग, आई. फुफ्फुसात अन् मेंदूत शिरतो."

सत्यभामाबाईंचे हात थांबले. स्नेहाच्या जन्माआधी त्यांचा थोरला मुलगा गोवराने गेला होता. तेव्हा गावात लस पोचली नव्हती. त्याचे नाव माउली. घरात ते कोणी घेत नसे.

"मी बी हाका मारायची," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहून. तुझे अप्पा म्हणायचे, कामून बोलवायलीस, त्यो येत न्हाई. मला ठाऊक व्हतं की. पर माझं ऐकायला कुणी थांबलं न्हाई."

त्यांनी पुन्हा डाळ निवडायला घेतली.

"तू कामून परत आलीस?"

"ऐकवत न्हाई, आई."

"मग तिचं आता कोण ऐकायलंय?"

स्नेहा परत खाडीवर गेली. मी कामातून गेलो होतो, म्हणून तिने नवा हायड्रोफोन घेतला. मला सत्यभामाबाईंनी ठेवून घेतले. आता या घरात माउलीच्या आठवणी निघतात. श्रीपतराव, म्हणजे स्नेहाचे अप्पा, कधी उठून जातात, कधी बसून ऐकतात.

साथ ओसरली आहे. उरलेल्या कळपात ती आई आहे, आणि अजूनही अधूनमधून पिल्लाची शिट्टी वाजवते, असे स्नेहा फोनवर सांगते. सत्यभामाबाई म्हणतात, "वाजवू दे. तू ऐक."

मित्रांनो, लहानपणी तुमच्या दंडावर सुई टोचली, म्हणून तुम्ही गोवरापासून वाचलात. समुद्रातल्या लेकरांना ती सुई कोण टोचणार? घाण पाण्यात त्यांची रोगाशी झगडण्याची ताकद कमी होते. म्हणून पाण्यात काही टाकताना हात आवरा. किनाऱ्यावर डॉल्फिन आलेला दिसला, तर गर्दी करू नका, वनखात्याला कळवा. पाण्यात कोणीतरी त्याचीही वाट पाहत असते.

स्नेहाच्या फोनमागे कधीकधी लाटांचा आवाज येतो. तेव्हा मला खुंटीवर राहवत नाही.