अनुश्रीची तेरवी

ज्या दिवशी अनुश्रीनं मरायचं पक्कं केलं, त्याच दिवशी सदर बाजारात तिला कळलं की ती आधीच मेलेली आहे.

आता हे नीट सांगायला हवं. अनुश्री ही रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या बाबारावांची थोरली लेक. नवरा अच्युत सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात होता. ताप आणि खोकल्यानं वाळत वाळत गेला. तो गेल्यावर सरकारी दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. भांडावं तरी कोणाशी? ज्याच्याशी भांडायचं तोच निघून गेलेला!

ती रडत माहेरी धावली. बाबारावांनी ओसरीवरच सगळं ऐकून घेतलं आणि तिथूनच परत लावली. त्यांचंही बरोबर, म्हणजे त्यांच्या हिशोबानं. छत्तीसगढ नवीन झालेलं, रायपूर राजधानी झालेलं, धाकटा निरंजन मंत्रालयात चिकटलेला. घराचं नाक एकदम आभाळाला लागलं होतं. दुर्गहून तालेवार घरचं स्थळ आलं होतं, साक्षगंधाची बोलणी चालली होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बाबाराव दबक्या आवाजात म्हणाले. "तू आपली सिलतऱ्यातच राह्य. इकडं फोन करू नको. तुह्या मायशी मी बोलतो."

माय त्या वेळी देवळात गेलेली होती. अनुश्रीनं तरीही नंतर फोन केला. बापानं उचलला आणि ठेवून दिला. मायचा उलटा फोन काही आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून पोरगी फोनकडे बघत बसली. मग तिच्या मनानं घेतलं की मायही त्यातलीच. बापाचं एक वेळ समजतं हो, पण माय?

तिथून ती खचलीच. खोलीची खिडकी उघडेना. आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला. दूधवाल्यानं भांड्यात दूध ओतताना हात जरा आखडला की याला कळलंय असं वाटायचं. आपलाच कप आपणच घासघासून धुवायचा, आणि पुन्हा धुवायचा. दवाखान्यातल्या समुपदेशक चेतनादीदींनी बजावून सांगितलं होतं, "ताटाले ताट लागून हे होत नाही, अनुश्री. गोळ्या रोज घे, म्हातारी होशील." मरायचं मनात येतं का, असंही त्यांनी सरळ विचारलं होतं. अनुश्री त्यांच्या तोंडावर खोटं बोलली होती, नाही म्हणून. गोळ्यांची पिशवी गाठ न सोडता खुंटीला लटकत होती.

तर त्या दिवशी ती सदर बाजारात गेली ती कानातले झुमके उजळून घ्यायला. निरंजनच्या होणाऱ्या बायकोला ते पाठवायचे आणि मग आपला कारभार आटपायचा, असं तिनं ठरवलं होतं. शालिग्राम सोनी हा त्यांच्या घरचा जुना सोनार. त्यानं मान वर केली, हिला पाहिलं, आणि हातातला चिमटा टणकन काचेवर पडला.

"दीदी, आप?" तो पाठीमागच्या भिंतीला टेकला. "आप तो नागपूर में... टीबी से... बाबूजी खुद न्योता दे गए. परसों आप की तेरहवीं है!"

अनुश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झुमके उचलून तिनं कानात परत घातले.

"भैया," ती म्हणाली, "किसी को बोलना मत. मैं भी आ रही हूँ."

परतताना रिक्षात तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून बसला असेल बाप! आपण जीव द्यावा, आणि यांचं खोटं खरं करून द्यावं? यांना फुकटात मोकळं करावं? अरे हट! मेलेल्या माणसानं पुन्हा कशाला मरायचं? आता ती जगणार होती. नुसती जगणार नव्हती, यांच्या छाताडावर बसून म्हातारी होणार होती. खोलीवर आल्याबरोबर तिनं भात टाकला, वर तेल-तिखट घेऊन पातेलंभर खाल्ला. मग खुंटीवरची पिशवी सोडली आणि पहिली गोळी घेतली. चेतनादीदी म्हणाल्या होत्या, जगायला काहीतरी कारण पाहिजे. कारण चांगलंच तिखट मिळालं होतं. ते कारण पाहून दीदी खूश झाल्या असत्या का, ते मात्र सांगता येत नाही.

तिकडं बाबारावांनी एक चूक केली होती. लग्न झालेल्या लेकीची तेरवी माहेरी होत नाही. सासरचं गोत्र, सासरचं सुतक. माहेरात तीन दिवस पाळले की झालं. हे तात्यापाऱ्यातल्या प्रत्येक मराठी बाईला ठाऊक. शेजारच्या अंजनाबाईंनी तोंडावर विचारलंही, "काहून भाऊजी, लेकीची तेरवी माहेरात?" तर म्हणाले, तिच्या सासरी कोणी उरलंच नाही. खरी गोष्ट वेगळी होती. ज्यानं तेरवीचं अन्न खाल्लं त्यानं मरण मान्य केलं, असा त्यांचा हिशोब. पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, जेवला की पाऱ्याचं तोंड बंद. दुर्गचे देवीदासजी, म्हणजे निरंजनचे होणारे सासरे, त्यांनाही आवर्जून बोलावलं होतं.

तेरवीच्या दुपारी अंगणात पंगत बसली होती. भिंतीशी पाटावर अनुश्रीचा लग्नातला फोटो, त्याला झेंडूचा हार. आणि फाटकातून तीच अनुश्री आत आली, जांभळ्या जरीच्या साडीत, कानात झुमके घालून! कोणाशी एक शब्द न बोलता तिनं पत्रावळ उचलली आणि अंजनाबाईंच्या शेजारी मांडी घातली. अंजनाबाईंचा घास तोंडाशीच राहिला.

निरंजन वरणाची बादली घेऊन वाढत वाढत आला. खाली मान, "वरण, वरण" चाललेलं. पुढची पत्रावळ रिकामी दिसली म्हणून त्यानं मान वर केली आणि पळीतलं वरण स्वतःच्याच पायावर ओतून घेतलं.

"वाढ ना, भाऊ," अनुश्री म्हणाली. "काहून थांबला? माह्याच नावाचं अन्न हाये, मलेच नाही देत?"

पंगतीत एकच गलका झाला. कोणी राम राम म्हणालं, कोणी उठून उभं राहिलं. बाबाराव धावत आले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. "आत चल. आत चल म्हणतो ना!"

"आता आत बोलावून राहिले?" तिनं हात हिसकला. तिचा आवाज चढला आणि चढतच गेला. "त्या दिवशी ओसरीवरून हाकललं तेव्हा आत नाही बोलावलं! ऐका हो सगळे. मी नागपूरले गेली नाही, मले टीबी नाही, अन् मी मेलीबी नाही. मले एचआयव्ही हाये. नवऱ्यापासून आला. त्याची लाज वाटते म्हणून ह्या माणसानं जित्या पोरीची तेरवी घातली. निरंजनचं साक्षगंध व्हावं म्हणून! जेवा, जेवा. बुंदी कशी झाली?"

पलीकडची बाई पत्रावळ ओढून लांब सरकली. अंजनाबाईंनाही उठायचं होतं की काय देव जाणे, पण पुढचं ऐकल्याशिवाय उठणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. देवीदासजींनी पत्रावळीवरच हात धुतला, चपला पायात सरकवल्या आणि बाबारावांकडे न बघता फाटकाबाहेर गेले. निरंजन बादली घेऊन तसाच उभा होता. अनुश्रीला इतकं बरं वाटलं की काय सांगावं! कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीत पुरता श्वास गेला.

पण अजून माय राहिली होती. तिच्यासाठी तिनं सगळ्यांत जहरी बोल राखून ठेवला होता. रात्ररात्र घोकला होता. मले जन्म दिला का उकिरड्यावरून उचलून आणलं, असं ती सगळ्यांदेखत विचारणार होती.

आवाज ऐकून वनमालाबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या, आणि अनुश्रीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मायचे गाल बसलेले, केस मोकळे, चालताना दाराला धरावं लागत होतं. ती पंगतीतून, पत्रावळी तुडवत सरळ लेकीपाशी आली. खाली बसली. तिचं तोंड चाचपलं, कान चाचपले, दंड दाबून पाहिले.

"अनु?" ती म्हणाली. "ऊन हाये वो हिचं आंग. ऊन हाये!"

तेव्हा कुठं अनुश्रीला उमगलं. मायला काहीच ठाऊक नव्हतं. बापानं बायकोलाही लेक मेली असंच सांगितलं होतं, आणि ती खरोखर रडत आत पडून होती. ज्या मायला जाळायला आपण आलो, ती आधीच जळून बसलेली. अनुश्रीला हुंदका आवरेना.

मायच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती हळूच नवऱ्याकडे वळली.

"मंग मडक्यात काय होतं?"

"वनमाला, लोकांसमोर तमाशा नको," बाबाराव म्हणाले.

"तुम्ही नागपूरहून तोंड बांधलेलं मडकं आणलं. माही लेक म्हणून मी ते रात्रभर मांडीवर घेऊन बसली. महादेव घाटावर खारून नदीच्या पाण्यात उतरून मी ते सोडलं. सोडवत नव्हतं, तर तुम्ही माही बोटं सोडवली. काय होतं त्यात?"

बाबारावांनी निरंजनकडे बघून डोळे वटारले.

"न्हाणीतल्या चुलीची राख होती, माय," निरंजन म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

वनमालाबाईंनी मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत कपाळावरचं कुंकू पुसलं. रेघ राहिली होती, तीही पुसली. अंजनाबाई किंचाळल्या, "अवो, काय करून राहिल्या! नवरा समोर उभा हाये!"

"कुठं?" माय म्हणाली.

तिनं एक पत्रावळ ओढून घेतली, लेकीच्या पत्रावळीला खेटून मांडली आणि पोराला हाक मारली.

"निरंजन, वाढ. तुह्या बापाची तेरवी हाये. आज मी पोटभर जेवीन."

अनुश्रीनं डोळे पुसले आणि मायला नीट बसता यावं म्हणून जरा सरकून जागा केली.