बास म्हणणारा मी नव्हे

मी एक काळा, ठेंगणा, लाकडी ल्युअर बोलतोय. ल्युअर म्हणजे मासे फसवायचं खोटं आमिष. आधीच सांगून ठेवतो, मी माफी मागायला बोलत नाहीये. माझा गळ एका भल्या माणसाच्या कानात घुसला होता, हे खरं आहे. पण त्यानंतर त्या घरात जे काही ठरलं, ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही.

टेक्सासच्या पूर्व भागात एका म्हाताऱ्या सुताराच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. त्याने देवदाराचा तुकडा लेथवर गोल केला, तोंडासमोर अ‍ॅल्युमिनियमची रुंद, वाकडी पट्टी बसवली आणि पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ अडकवले. ती पट्टी म्हणजे माझा ओठ. मला पाण्यावरून हळू ओढलं की मी डावीउजवीकडे डुलतो आणि ओठातून आवाज निघतो, गुळुक, गुळुक, गुळुक. माझ्या भावंडांना त्याने हिरवे, पिवळे, ठिपक्याठिपक्यांचे रंग दिले. मला सरळ काळ्या डब्यात बुडवलं. डोळे तेवढे पांढरे काढले.

मग तलावाकाठच्या एका दुकानात मी दोन वर्षं खिळ्याला लटकून होतो. आजूबाजूला नुसता झगमगाट! कुणाला चंदेरी खवले, कुणाला गुलाबी शेपटी. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघून 'हे काय झुरळ' असं तोंड करायचं आणि पुढे जायचं. माणसं दिवसाउजेडी ल्युअर निवडतात ती स्वतःच्या डोळ्यांना काय आवडतं ते बघून. माशाला काय दिसतं, हे विचारायची पद्धतच नाही. पण मला एकदाही वाटलं नाही की आपण पिवळे असतो तर बरं झालं असतं. काळा तर काळा!

एका जुलैत अतुल दुकानात आला. मूळचा नागपूरचा, पंचवीस वर्षं टेक्सासमधल्याच प्लेनो शहरात एका ऑफिसात स्क्रीनसमोर बसलेला. दिवसा तलावावर उभं राहिलं की माणूस भाजून निघतो, म्हणून त्याला रात्री मासे पकडायचे होते. काउंटरमागच्या बाईने मला काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"रात्री? आणि काळा?" तो हसला. "दिसणार कसा?"

"तुम्हाला नाही दिसणार, त्याला दिसेल," बाई म्हणाली. "बॅस मासा खालून वर बघतो. आकाश कितीही अंधारं असलं तरी पाण्यापेक्षा उजळच असतं. त्यावर काळी वस्तू सगळ्यात ठळक."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू मांडली. मी त्या बाईला विसरलेलो नाही.

घरी अतुलच्या बायकोने, पद्मिनीने, मला दोन बोटांत धरलं आणि नाक मुरडलं. ती पुण्याची. "अहो, हे काय उचलून आणलंत?"

"बॅस पकडायला."

तिने पाकिटावरचं स्पेलिंग वाचलं. "बास? बास म्हणजे पुरे! माशाचं नावच पुरे, आणि हे निघाले रात्रभर."

तेव्हापासून त्या घरात माशाचं नाव बासच पडलं. अतुल निघाला की ती म्हणायची, "निघाले बास पकडायला. स्वतः बास कधी म्हणणार, देव जाणे." रागाने नाही हं. थर्मासमध्ये चहा तीच भरून द्यायची. पकडलेला मासा हे लोक परत पाण्यात सोडतात, याचं मात्र तिला दर वेळी नवल वाटायचं. "सोडायचाच होता तर त्या बिचाऱ्याची झोपमोड कशाला केलीत?" अतुल थर्मास उचलून निघायचा.

त्याला शिकवलं सत्यजितने. ऑफिसातला मित्र, दोन गल्ल्या सोडून राहणारा. तलावात लाकडी फळ्यांचा एक लांब धक्का आहे, त्याच्या टोकाला दोघं उभे राहायचे. मला पाणगवताच्या कडेला टाकायचं. पाण्यावर उठलेली वलयं विरेपर्यंत थांबायचं. मग एकाच संथ लयीत रीळ फिरवायचं, कारण अंधारात मासा माझ्या आवाजाचा माग काढत येतो, आणि लय मोडली की तो चुकतो. हे जमतं. अवघड पुढचंच आहे. पाणी धाडकन फुटलं तरी झटका मारायचा नाही! बॅसचा पहिला हल्ला पुष्कळदा हुकतो. तुम्ही आवाजाला दचकून रॉड ओढलात तर मी माशाच्या तोंडासमोरून उडून तुमच्याच अंगावर येतो. दोऱ्यावर वजन जाणवलं की मगच ओढायचं.

"आवाजावर नको यार, वजनावर!" सत्यजित दर वेळी ओरडायचा. अतुलला हे कळायला एक अख्खा उन्हाळा गेला. मग मात्र जमलं. पुढचे पाच उन्हाळे आम्ही त्या तलावावर राज्य केलं, आणि हे मी अजिबात फुगवून सांगत नाहीये. माझ्या पाठीवर दातांचे ओरखडे आहेत, पाहिजे तर मोजा.

त्याच्या डोळ्यांचं मला सगळ्यांच्या आधी कळलं. माझ्या नाकातल्या कडीत दोरा ओवताना तो पूर्वी मला चष्म्यासमोर धरायचा. एका वर्षी त्याने बघणंच सोडलं. बोटांनी कडी चाचपायची, दोरा ओवायचा, पाच वेढे द्यायचे, गाठ थुंकीने ओली करायची आणि आवळायची. मला वाटलं, हात बसला. नंतर लक्षात आलं की त्याच्या डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्याला सापडत नाही.

काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, कडेचं गेलं होतं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं, असं डॉक्टरने सांगितलं होतं. त्याने घरी सांगितलं, "डोळ्यांत थोडं प्रेशर आहे, ड्रॉप्स दिलेत." हायवेवर गाडी चालवणं बंद केलं, तेही कंटाळा आला म्हणून. अतुलचं इथे चुकलं. माझा मालक आहे म्हणून मी ते झाकणार नाही.

मग गेल्या वर्षीचा मे महिना. संध्याकाळचे सात वाजलेले, पण मेमध्ये इथे तेव्हाही लख्ख उजेड असतो, हे नीट लक्षात ठेवा. सत्यजित गाडीकडे गेलाय असं अतुलला वाटलं. तो होता डाव्या हाताला, चार फुटांवर, वाकून डबा उघडत. अतुलने रॉड मागे नेला आणि मी थेट सत्यजितच्या कानाच्या पाळीत जाऊन बसलो. लोक कानाला खडा लावतात, त्या बिचाऱ्याने गळ लावून घेतला. अर्जंट केअरच्या दवाखान्यात जाताना तोच विनोद करत होता, "वहिनींना सांग, भिकबाळी केली." पण तिथल्या डॉक्टरने अतुलला साधा प्रश्न विचारला, "हे तुम्हाला दिसले कसे नाहीत?" आणि सगळं बाहेर पडलं.

पद्मिनी त्या रात्री फक्त एवढंच म्हणाली, "बास. आता खरंच बास." या वेळी त्यात चेष्टा नव्हती. फसवलं गेल्याचं दुःख होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मुलगी अनिका दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलहून आली. ती तिथे शाळेत गणित शिकवते, जन्म इथलाच. मायलेकी स्वयंपाकघरात तासन्‌तास बोलायच्या. बाबांनी एकट्याने फिरायला जायचं की नाही, जिन्याच्या पायऱ्यांना ठळक पट्ट्या लावायच्या का, मासेमारीचं सामान काढून टाकायचं. अतुल बाजूच्या खोलीत बसून सगळं ऐकायचा. अहो, डोळे अधू झाले होते त्याचे, कान शाबूत होते! मला चीड आली ती याची. चुकला तर बोला, भांडा, दोन दिवस जेवू घालू नका. पण त्याच्याबद्दल एवढं सगळं ठरत होतं आणि त्याला एका शब्दाने कुणी विचारत नव्हतं. पाणी फुटल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी झटका मारला होता.

जूनमधल्या एका शनिवारी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर जुन्या सामानाचा सेल मांडला. रॉड, रिळं, जाळं, लाइफ जॅकेट, सगळं टेबलावर. अतुल गराजमध्ये खुर्ची टाकून बसला होता. एकेक वस्तू उचलल्याचा आवाज आला की तो मान तेवढी वळवायचा. मला एका चपलांच्या खोक्यात टाकलं होतं, गुंतलेल्या दोऱ्यांबरोबर. पाच उन्हाळ्यांची ही किंमत!

अनिका खोकं उचलून टेबलाकडे निघाली आणि माझा मागचा गळ तिच्या सुती शर्टच्या लांब बाहीत अडकला. मुद्दाम केलं का विचाराल, तर मी उत्तर देणार नाही. तिने बाही ओढली, मी आणखी रुतलो. तिने दोन्ही हातांनी ओढलं, तर दुसरा गळही बसला.

"ओढू नकोस," अतुल खुर्चीतून म्हणाला. "ओढलंस की रुततो तो. ढील दे. इकडे ये."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने मान समोरच ठेवली. बोटांनी बाही चाचपली, मला पोटाशी धरलं, गळाची मान दाबून उलटी फिरवली, एकदा, दोनदा. मी सुटलो. कापडाचा एक धागाही तुटला नाही.

"हाउ डिड यू... बाबा, तुम्हाला दिसलं?"

"बघायची गरज काय? हात आहे ना." मग त्याने मला मांडीवर ठेवलं. "अनू, मी लपवलं. सत्यजितचा कान माझ्यामुळे फाटला, तुझ्या आईची झोप माझ्यामुळे उडाली. काय शिक्षा द्यायची ती द्या. पण रात्री त्या धक्क्यावर कुणालाच काही दिसत नाही. तिथे मी चारचौघांसारखा असतो. माझ्यापाशी ती एकच जागा उरली, आणि ती तुम्ही मला न विचारता विकून राहिले."

 बाहेर एक माणूस अतुलचा जुना रॉड हातात तोलून बघत होता. अनिका तरातरा गेली आणि तो त्याच्या हातातून काढून घेतला. "सॉरी, धिस वन इज नॉट फॉर सेल."

परत आल्यावर म्हणाली, "ओके. वन नाइट. आय'ल ड्राइव्ह. बट रूल्स माझे. लाइफ जॅकेट घालायचं. आणि प्रत्येक वेळी टाकण्याआधी विचारायचं, मागे? मी मोकळं म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही."

"हा रूल मलाच सुचायला पाहिजे होता बाप्पा," अतुल म्हणाला.

पद्मिनीने ऐकलं आणि पर्स उचलली. "मीही येणार. गाडीतून उतरणार नाही, पण येणार."

त्या रात्री चंद्र नव्हता. धक्क्याच्या टोकाला ते दोघं, मागे काठावर गाडी, गाडीत काच अर्धी खाली करून पद्मिनी. अनिकाने डोक्याला दिवा बांधला होता, अतुलने तो बंद करायला लावला. आधी तिने मला टाकलं. गुळुक, गुळुक, आणि धाड! ती किंचाळली, झटका मारला आणि मी सुसाट परत आलो.

"खाली वाक!" अतुल ओरडला. मी त्याच्या टोपीवरून गेलो. लेकीचे डोळे अगदी ठणठणीत आहेत, एवढंच नमूद करतो.

"माय गॉड, बाबा! आय ऑलमोस्ट..."

"आवाजावर नको," तो हसत म्हणाला. "वजनावर."

मग रॉड त्याच्या हातात आला. त्याने बोटांनी माझी गाठ तपासली. "मागे?"

"मोकळं."

मी उडालो. गवताच्या कडेला अलगद पडलो. वलयं विरली. गुळुक, गुळुक. माझ्या खाली पाणी हललं, हे मला कळलं आणि दोऱ्यातून त्यालाही कळलं असणार. मग पाणी असं फुटलं की काठावरचे बेडूक गप्प झाले. अतुलचा हात तसाच संथ फिरत राहिला. पुन्हा हल्ला, आणि वजन! रॉड वाकला, अनिका ओरडायला लागली, रीळ करकरलं. मोठा होता, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. धक्क्यापासून दहा हातांवर त्याने वर उसळी मारली, डोकं झटकलं आणि मी त्याच्या जबड्यातून निसटलो.

दोरा ढिला पडला.  अतुल हळूहळू दोरा गुंडाळून मला परत आणत होता. एका रात्रीचा शब्द होता आणि बारा वाजत आले होते.

मागे गाडीचं दार धाडकन आपटलं. फळ्यांवर चपला वाजल्या. "गेला? अहो, एवढा मोठा आवाज झाला, आणि गेला?"

"गेला," अतुल म्हणाला. "चल पद्मिनी. बास."

"बास काय बास!" ती धापा टाकत अनिकाच्या बाजूला येऊन उभी राहिली. "तो तिथेच असेल की अजून. मागे मोकळं आहे. टाका."

अतुलने बोटांनी माझी गाठ पुन्हा तपासली.  आणि मला टाकलं ते नेमकं गवताच्या कडेला.

याला आता वर्ष झालं. अतुलच्या डोळ्यांचं म्हणाल, तर आणखी थोडं गेलंय. ड्रॉप्स चालू आहेत. दर शुक्रवारी सत्यजित गाडी घेऊन येतो, टोपी कानावर ओढून, आणि थर्मास आता पद्मिनीच्या हातात असतो, कारण तीच येते सोबत. माझाही एक डोळा खरवडून गेलाय. अनिका म्हणाली, नवा रंग देऊ, चमकणारा. अतुल म्हणाला, खबरदार. मीही तेच म्हणतो. मला रंगवू नका, काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नका, हळहळून तर मुळीच बघू नका. ओला झालो की पुसा, गळांना गंज चढू देऊ नका, एवढं पुरे. आणि तुमच्या घरात कुणाला बास म्हणायची वेळ आली, तर आधी त्याच्या समोर बसून त्याला विचारा.

चला, आज शुक्रवार. पाणगवताच्या कडेला काहीतरी हललंय. माझी गाठ चाचपून झाली, रॉड हातात तयार आहे आणि अतुल विचारतोय, "मागे?" एवढा वेळ ऐकत तुम्हीच तिथे उभे आहात. व्हा बघू बाजूला.