तीस दिवसांचा नियम

"उल्काताई, मी टॅबलेट पुसला नाही हो," निशिकांत फोनवर म्हणाला. "बंदरात आलो, वायफायला जोडला आणि डोळ्यांदेखत कोरा झाला. इथे सगळे म्हणतात, पुरावा मीच उडवला."

निशिकांत आमच्या कंपनीच्या जहाजावर सेकंड इंजिनियर. प्रवासात मुख्य इंजिनाचं एक बेअरिंग जळालं होतं. त्याचं तापमान वाढतंय हे आपण रोज टॅबलेटवर नोंदवलं होतं, असं त्याचं म्हणणं. नोंदी नसतील तर निष्काळजीपणा त्याच्या माथी येणार. चौकशी दुपारी तीनला होती.

मी परदेशात, पाया लेबारच्या ऑफिसात कंपनीचे लॅपटॉप, फोन, टॅबलेट सांभाळते. एकेकाकडे बघणं शक्य नसतं. आम्ही नियम लिहून ठेवतो, यंत्रणा ते आपोआप पाळते. कारण सापडायला चार मिनिटं लागली. 'तीस दिवस संपर्क नसेल तर उपकरण हरवलं असं समजा; नेटवर्कवर आलं की पुसा.' मार्चमध्ये तो मीच लिहिला होता. तपासलाही होता, ऑफिसातल्या चाळीस लॅपटॉपवर. निशिकांतचा टॅबलेट एकेचाळीस दिवस समुद्रात होता, इंटरनेटशिवाय. त्यातल्या नोंदी ऑफिसात पोचायच्या आत पुसण्याचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचला.

मॅनेजर गुरुप्रसादसरांना मी हे दाखवलं.

"नियम लिहिला तसाच चालला ना? मग झालं तर."

"नियमच चुकला होता, सर."

"तुझा इथला एम्प्लॉयमेंट पास कंपनीने ऑगस्टमध्ये रिन्यू करायचाय. कुणी विचारलंय का तुला? विकतचं दुखणं कशाला घेतेस?"

दोन चाळीसला मी चौकशी समितीला मेल केली: नियम, तारीख, पुसल्याची वेळ, माझं नाव. त्यांचा एकच प्रश्न आला. टॅबलेटमध्ये त्या नोंदी होत्या का?

मी लिहिलं, 'ते मला सांगता येणार नाही.'

पाचला निशिकांतचा फोन आला.

"मी पुसला नाही, हे मान्य झालं. पण नोंदी दिसत नाहीत, म्हणजे केल्याच नाहीत म्हणे. उद्या जहाजावरून उतरवतायत. होत्या असं लिहायचंत ना, ताई. मी खोटं बोलत नाही, माहीत आहे तुम्हाला."

"माहीत आहे. पण मी त्या पाहिल्या नव्हत्या."

"हो. तुमचा रिपोर्ट अगदी अचूक होता," तो म्हणाला आणि फोन ठेवला.