बारा वाजेपर्यंत

पायऱ्यांवर पावलं वाजली तसा मारिव्हिकने पेन खाली ठेवला. पावलं सावकाश वर आली, मधल्या सैल फळीवर जराशी रेंगाळली आणि तिच्या खोलीच्या बंद दाराशी थांबली. ती श्वास रोखून बसून राहिली. दारापलीकडून हाक नाही, थाप नाही. एक छोटी प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ गेला आणि पावलं आली तशीच उतरून गेली.

घरात कुणी नव्हतं. गेली तीन वर्षं या वेळेला तिची आई, नानाय पुरिंग, हारोच्या मोठ्या चर्चमध्ये असायची.

मारिव्हिकने वही जवळ ओढली. आजच्या तारखेखाली तीन कामं लिहिलेली होती, त्यातल्या एकावर रेघ मारून झाली होती. तिने तळहात झग्याला पुसले आणि दुसरं काम हाती घेतलं.

तिचा नियम साधा होता. सकाळी सहाला फोनचा आवाज बंद करून तो खाली स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवायचा. वर खोलीत फक्त वही, संगणक आणि त्या दिवसाची तीन कामं. बारा वाजेपर्यंत फोन नाही, निरोप नाही, कुणी दार वाजवायचं नाही. इलोइलोत बसून ती परदेशातल्या तीन डॉक्टरांच्या भेटीगाठी नि पत्रव्यवहार सांभाळायची. सुरुवातीला दिवसभर फोनच्या मागे धावून संध्याकाळी हाती भोपळाच असायचा. एकदा तर काम जाता जाता वाचलं. तेव्हा तिने नेटाने ही घडी बसवली, आणि ती इतकी पक्की बसली की घरून काम करणाऱ्या आसपासच्या बायका विचारायला येऊ लागल्या. शनिवारी दुपारी वस्तीच्या सभागृहात तिचा वर्गच सुरू झाला.

आणि मग तीन वर्षांपूर्वीची ती सकाळ आली.

धाकटी बहीण लिझेल, तिला मानांग म्हणजे ताई म्हणणारी, समोरच्या गिमारास बेटावर शाळेत शिकवायची. नवरा जहाजावर, घरात ती एकटी, आठवा महिना. बाराला मारिव्हिकने कपाट उघडलं तर फोनवर लिझेलचे नऊ फोन येऊन गेलेले. तोपर्यंत शेजारणीने तिकडे दार फोडलं होतं. रक्तदाब चढून लिझेलला झटके आले होते. तिला होडीत घातलं खरं, पण अलीकडचा किनारा दिसू लागायच्या आत सगळं संपलं होतं. तिचंही, बाळाचंही.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. दहाव्या दिवशी मारिव्हिक पुन्हा टेबलाशी बसली आणि त्याच सकाळी पहिल्यांदा पावलं वाजली. तेव्हापासून कामाचा एक दिवस चुकला नव्हता. नऊला दोन-चार मिनिटं कमी असताना ती यायची, थांबायची, जायची. कुणाची आहेत हे तिला विचारावं लागत नव्हतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही आणि दारही कधी उघडलं नाही. बाराच्या आत हे दार उघडता येतं असं एकदा मान्य केलं की मग ते त्या दिवशीही उघडता आलं असतं. म्हणून तिने नियम मिनिटभरही सैल होऊ दिला नाही. तापात फणफणत असतानाही ती सहाला उठून फोन कपाटात ठेवून आली होती. लोक तिच्या शिस्तीचं कौतुक करायचे.

त्या शनिवारी वर्गात एक नवा माणूस आला होता. एस्तेबान नाव. उभा जन्म प्रवासी जीपनी चालवून पन्नाशीनंतर संगणक शिकलेला. तो पुढच्याच बाकावर बसला होता.

"मॅडम, तुमचं सगळं पटलं," तो म्हणाला. "पण फोन असा कोंडून ठेवायचा म्हणजे..."

"मानोंग, तुमचा फोन वाजतो तो कोंबड्यांच्या झुंजीसाठी!" मागून एक बाई ओरडली. "कोंडाच त्याला. बायको दुवा देईल."

सगळ्या हसल्या. एस्तेबानही हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, "बायकोचंच तर म्हणतोय. तिची एक बाजू लुळी पडलीय. मी आतल्या खोलीत काम करत बसलो आणि ती पडली, तर?"

"एक नंबर मोकळा ठेवायचा," मारिव्हिक म्हणाली. हे वाक्य तिच्या वर्गात तीन वर्षांपासून होतं. "तेवढ्या एकाच माणसाचा फोन वाजेल. बाकी सगळे गप्प."

"हां, हे झकास." त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि मान वर केली. "तुम्ही कुणाचा ठेवलाय?"

मारिव्हिक फळ्याकडे वळली. फळा आधीच पुसलेला होता, तरी तिने तो पुन्हा पुसला.

"कुणाचा नाही."

"नशीबवान आहात बघा. म्हणजे तुमची सगळी माणसं धडधाकट दिसतात."

शेजारच्या बाईने त्याचा सदरा मागून ओढला. काय चुकलं ते त्या भल्या माणसाला कळेना. त्यानंतर वर्ग संपेपर्यंत मागच्या बाकांवरून एकही थट्टा आली नाही.

सोमवारी मारिव्हिकने तीन कामं लिहिली आणि त्यातलं एकही सुरू केलं नाही. आठपासून ती दाराकडे पाठ करून बसली होती. साडेआठच्या सुमारास उठली आणि दाराला टेकून उभी राहिली. खालची पायरी वाजली. मग दुसरी. सैल फळी करकरली. पावलं थांबली तेव्हा दोघींमध्ये बोटभर जाडीचं लाकूड होतं आणि पलीकडच्या धापा तिला स्पष्ट ऐकू येत होत्या.

मेलेल्या माणसाला धाप लागत नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिने कडी काढली.

नानाय पुरिंग समोर उभी होती. चर्चचे कपडे, डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली, एका हातात चपला. दुसऱ्या हाताची मूठ दारावर थाप मारायला वर उचललेली, ती तशीच हवेत राहिली.

"तू?" मारिव्हिकच्या तोंडून जेमतेम निघालं. "चर्चला नाही गेलीस?"

"जाऊन आले. मी सातलाच जाते."

"कधीपासून?"

कठड्याला धरून आई वरच्या पायरीवर बसली, चपला शेजारी नीट जोडून ठेवल्या. मारिव्हिक दारातच उभी राहिली.

"तिने मलाही फोन केला होता, इंदाय," आई पायऱ्यांकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी. याच वेळेला. मानांग उचलत नाही म्हणाली. डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, मानांगला दे म्हणाली. मी फोन घेऊन वर आले. इथेच उभी राहिले. हातसुद्धा उचलला."

"मग?"

"त्याच्या आदल्या महिन्यात मी एकदा थाप मारली होती. कोळीण आली होती, मासे घेऊ का विचारायला. तू काय म्हणालीस आठवतंय?"

मारिव्हिकला आठवत होतं. घराला आग लागली तरच ठोठाव, असं ती ओरडली होती. कोळणीने खालून ऐकलं होतं.

"आग लागली नव्हती," आई म्हणाली.

मारिव्हिकने चौकट धरली. मग हळूहळू खाली बसली. आईच्या मागे, उंबऱ्यावरच.

"रोज कशाला येत होतीस?"

"सांगायला. रोज ठरवून यायचे, आज थाप मारायचीच. अनवाणी यायचे, तुला कळू नये म्हणून. हात वर गेला की पुढे जाईना." आईने ओढणीने नाक पुसलं. "तू रोज आत बसून काम करायचीस. वाटायचं, ही आता सावरलीय. हिला कशाला परत..."

रस्त्यावरून एक पाववाला भोंगा वाजवत गेला. दोघींनी तो लांब जाईपर्यंत ऐकला.

"मी थाप मारली असती तर उघडलं असतंस?"

"उघडलं असतं," मारिव्हिक म्हणाली. फार पटकन म्हणाली.

"खोटं बोलण्यात तू लहानपणापासून कच्ची." आईच्या आवाजात राग नव्हता. "लिझेल पक्की होती. मी तिला म्हटलं, दाराशी आलेय, आता ठोठावते. तर म्हणते कशी, राहू दे नानाय, आत्ताच जरा उतरलंय. मानांगचं काम मोडू नको, बाराला ती करेलच फोन. इतकी नीट बोलली गं. हसलीसुद्धा. मी मुकाट्याने खाली गेले आणि भात टाकला."

मारिव्हिक आईच्या पाठीकडे बघत राहिली. मानेवरची हाडं वर आली होती. ती कधी वर आली, तिला माहीत नव्हतं.

"तेच खरं असेल, नाही का?" आई मागे वळली. "तेव्हा उतरलं असेल आणि नंतर एकदम चढलं असेल. माझ्याशी बोलल्यावर तिने तुला परत नाही ना केला फोन?"

नऊ वाजून सहा मिनिटं. नऊ एकोणीस. नऊ तेवीस. नऊ चाळीस. बाकीचे पाच त्याआधीचे.

"नाही," मारिव्हिक म्हणाली. "त्यानंतर एकही नाही."

आईने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मारिव्हिकने नजर हलू दिली नाही.

"मग ठीक आहे," आई शेवटी म्हणाली, आणि उठायला आधार हवा म्हणून तिने हात पुढे केला.