‘ळ’च्या जागी ‘ल’ चालणार नाही

बुधवारी चौथ्या तासाला प्रिंटरने माझं आडनाव कंबरेत मोडलं.

सुलक्षणा सहदेव कांबळी, एवढंच छापायचं होतं. ‘सुलक्षणा’ झकास आलं. ‘सहदेव’ही आलं. ‘कांब’पर्यंत सगळे ताठ उभे. मग ळचं पोट विचित्र फुगलं, आणि दुसऱ्या वेलांटीची दांडी वरून खाली येता येता मध्येच पाऊलभर उजवीकडे सरकली.

वसुधा कर्णिक माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, “तुझ्या आडनावाला लचक भरलीय गं.”

“तुझं छाप,” मी म्हटलं.

वसुधाचं नाव सरळ आलं. ती नुसती वेणी पुढे घेऊन बसली. मैत्रीण असली तरी अशा वेळी राग येतो.

आमच्या कांदिवलीच्या शाळेत गेल्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, एका कंपनीने एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर देणगी दिला. टिपणीस सर फिजिक्स शिकवतात, म्हणून कॉम्प्युटरही त्यांच्याच गळ्यात पडला. या वर्षी बक्षीस समारंभाच्या प्रशस्तिपत्रांवर नावं कॉम्प्युटरने छापायची असं सरांनी ठरवलं. तेही इंग्रजीत. मी वर्गातच उभी राहिले. शाळा मराठी, मुली मराठी, मग नावं इंग्रजीत का?

सर म्हणाले, “प्रिंटरला मराठी येत नाही.”

“त्याला इंग्रजी तरी कुठे येतं सर? त्याला टिंबं येतात.”

मागच्या वर्षीची मी असते तर हे मनात म्हटलं असतं आणि घरी जाऊन वहीत लिहिलं असतं. या वर्षी मात्र तोंडातून निघून गेलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “मग कर.”

केलं मी. प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक सुया असतात. त्याला चित्राच्या मोडमध्ये घातलं आणि एक आकडा दिला, की त्या आकड्याप्रमाणे सुया रिबनवर आपटतात आणि एक उभी रांग उमटते. सगळ्यात वरच्या सुईची किंमत एकशे अठ्ठावीस, मग चौसष्ट, मग बत्तीस, असं निम्मं निम्मं होत सगळ्यात खालच्या सुईची एक. दिवाळीची सगळी सुट्टी मी आणि वसुधाने आलेखाच्या वहीत अक्षरं काढली. एक चौकोन म्हणजे एक टिंब. अक्षर उंच म्हणून दोन फेऱ्या ठेवल्या: आधी सगळ्या नावाचा वरचा अर्धा भाग, मग कागद जरासा सरकवून खालचा अर्धा. क्ष काढायला मला दीड दिवस लागला. ज्ञने वसुधाला रडवलं. पण आली सगळी अक्षरं. शनिवारी समारंभ, एकशे चाळीस मुली, आणि बुधवारी कळलं की ळ आला, की त्याच्यापुढचं सगळं खालच्या फेरीत एक टिंब सरकतं.

यादी काढली. नावात नाही तर खेळात ळ असलेल्या अकरा निघाल्या. सगळ्यात वाईट हाल पाचवीतल्या शेवंती बाळू कांबळीचे. ती माझी नात्यातली नाही, पण गाव शेजारचं. तिच्या नावात दोन ळ, त्यामुळे शेवटची वेलांटी दोन टिंबं सरकली. आणि मी तर गोळाफेकीत तिसरी आलेली. आडनावातही ळ, खेळातही ळ.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. चंद्रप्रकाश नाव. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, वायर काढून परत लावली, इंग्रजीत पानभर ए बी सी डी छापून दाखवली.

“मशीन एकदम फर्स्ट क्लास है. ये आपका हिंदी का प्रॉब्लेम है, बेटा.”

“मराठी,” मी म्हटलं.

“वही.”

तो गेला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज, खडू मागावा तसं म्हणाले, “एक काम कर कांबळी. प्रोग्राममध्ये एक ओळ घाल. ळ आला की त्या जागी ल छाप. सुटला प्रश्न.”

“म्हणजे मी कांबली?”

“वाचणाऱ्याला कळतं गं. तो चंद्रप्रकाश तुला कांबलीच म्हणणार ना?”

“त्याला म्हणू दे. शाळेने कशाला म्हणायचं? आणि सर, मग गोलाफेक छापायचं? आणि खेळाच्या जागी बुद्धिबल? प्रमुख पाहुणे विचारतील, ही कुठली विद्या शिकवता मुलींना?”

मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “उद्या दुपारी मोठ्या बाई सह्या करायला बसणार. मला एकशे चाळीस कागद हवेत. एकशे एकोणतीस नाही. उद्या मधल्या सुट्टीपर्यंत तुझा ळ सरळ झाला तर ठीक. नाहीतर ल.”

घरी आले ते तोंड पाडूनच. बाबा संपाआधी परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आता अंधेरीला पुठ्ठ्याच्या कारखान्यात जातात. मी मोडलेल्या नावांचे कागद जमिनीवर पसरून प्रिंटरला शिव्या घालत होते. त्यांनी चहा पिता पिता एक कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

“सगळीकडे असाच होता?”

“नाही. फक्त ळवर.”

“दर टायमाक?”

“दर टायमाक.”

“मगे मशीनीक कित्याक गाळी घालतंस?” ते म्हणाले. “मशीन बिघाडला तर खंयपण बिघाडता. एकाच नक्षीर बिघाडता म्हणजे घोळ नक्षीत. नक्षी बघ.”

नक्षी मीच काढलेली. त्यामुळे मला हे ऐकून काही बरं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मी आणि वसुधा प्रयोगशाळेत. सदाशिव शिपायाने कपाटातलं भिंग दिलं. मी नुसता ळ छापला आणि भिंगाखाली एकेक उभी रांग मोजली. वसुधा आलेखाची वही धरून बसली.

“बारा रांगा,” ती म्हणाली.

“तेरा आहेत.”

“बारा काढल्यात आपण.”

“मग ही एक कुठून आली?”

ळच्या पोटात, सातव्या रांगेनंतर एक आगाऊ रांग उभी होती. तिच्यात दोनच टिंबं. एक आठच्या सुईचं, एक दोनच्या. आठ आणि दोन, दहा. हे दहा मी पाठवलेच नव्हते. त्यांच्या आधीची रांग माझी होती: आठ, चार, एक.

“तेरा,” वसुधा म्हणाली. “तेरा आणि मग दहा.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कारण हे दोन आकडे जोडीने कुठे भेटतात ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. लिहिताना तेरा म्हणजे ओळ संपली, परत डावीकडे जा. दहा म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. टाइपरायटरची गाडी ढकलतात तसंच. आणि आमचा कॉम्प्युटर इतका आज्ञाधारक, की बाहेर तेरा जाताना दिसले की न विचारता मागून दहा पाठवून देतो. त्याला वाटलं, पोरीची ओळ संपली. प्रिंटर बिचारा चित्राच्या मोडमध्ये, त्याने दोन्ही आकडे टिंबं समजून छापले. एक रांग वाढली, पुढचं सगळं सरकलं. साठ अक्षरांत ही तेराची रांग एकट्या ळच्या नशिबी आलेली.

“आता काय करायचं?” वसुधा म्हणाली.

“तेरा पाठवायचेच नाहीत.”

आठ, चार, एक. मधलं दोनचं टिंब रिकामं होतं. ते भरलं. पंधरा. ळ किंचित गुटगुटीत झाला, कोकणातून सुट्टी खाऊन आल्यासारखा. मी ‘शेवंती बाळू कांबळी’ छापलं. दोन ळ, आणि शेवटची वेलांटी झेंड्याच्या काठीसारखी सरळ.

सकाळचे तास बुडालेच होते, आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायला वीस मिनिटं होती. कागद फाडून मी धावत ऑफिसात गेले. टिपणीस सर मोठ्या बाईंच्या टेबलाशी उभे. बाईंच्या पुढ्यात गठ्ठा, हातात पेन, आणि सगळ्यात वर, सही वाळत असलेलं, ‘शेवंती बालू कांबली’.

माझ्या हातातला कागद एकदम जड झाला.

“सर, तुम्ही मधल्या सुट्टीपर्यंत म्हणाला होतात.”

“बाईंना दुपारी बाहेर जायचंय,” सर म्हणाले. “काल संध्याकाळीच छापून ठेवली होती, म्हणून सह्या आत्ताच. आता झालं ना.”

“झालं नाही सर. हे बघा.” मी माझा कागद बाईंच्या गठ्ठ्यावर ठेवला.

सरांनी बघितलं. “कुठे होतं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तेरा. त्यांनी कपाळावर हात मारला, कारण तेरा आणि दहा फळ्यावर त्यांनीच लिहिले होते. पण मग म्हणाले, “शाब्बास. पुढच्या वर्षी कामाला येईल. छापखान्याने दीडशे कोरी दिली होती, पाच प्रिंटरने खाल्ली. उरली पाच. अकरा कुठून आणू? नवी सोमवारी मिळतील.”

“मग आजच्या अकरा सह्या खोडा.”

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. “सुलक्षणा, तू कोणाशी बोलतेयस?”

मी शेवंतीच्या नावावर बोट ठेवलं. “तुमच्याशीच बाई. या मुलींची नावं अशी नाहीत. तुमची सही आहे खाली. म्हणजे शाळा सांगतेय की आमच्याकडे शेवंती बालू कांबली नावाची मुलगी शिकते. अशी मुलगीच नाही बाई.”

“आणि उद्या स्टेजवर काय देऊ? हात हलवत पाठवू?”

“पाच कोरी आहेत ना. अकरातल्या लहान पाच जणींना ती द्या, मी आता छापते. आम्ही सहा जणी नववी-दहावीच्या. आम्ही सोमवारी घेऊ.”

“तुझ्याबरोबरच्या बाकी पाच जणींना विचारलंस?” सर म्हणाले. “तू सगळ्यांच्या वतीने कशी बोलतेस?”

हे मात्र बरोबर होतं. मी मधल्या सुट्टीत पाचही जणींना गाठलं. चौघींनी ताबडतोब हो म्हटलं. दहावीतली कुंदा तळवडेकर म्हणाली, “माझी आत्या वर्सोव्याहून खास बघायला येतेय. मी रिकामी कशी जाऊ?” मी तिला ‘ल’ छापलेलं प्रशस्तिपत्र दाखवलं. तिने ‘तलवडेकर’ दोनदा वाचलं आणि म्हणाली, “ही कोण बया? सोमवारी घेईन.”

दुपारी पाच कागद मी छापले. शेवंतीचा स्वतः सरकवला. बाईंनी बाहेर निघता निघता पाचही सह्या केल्या, आणि जुनी अकरा प्रशस्तिपत्रं उभी फाडून टोपलीत टाकली.

शनिवारी स्टेजमागे टिपणीस सर हातात एक गुंडाळी घेऊन माझ्याकडे आले. लाल रिबीन बांधलेली. “आत कोरा कागद आहे,” ते हळूच म्हणाले. “फोटोपुरता धर. सहाही जणींसाठी केल्यात.”

वाईट हेतू नव्हता त्यांचा. रिबिनी घरून आणल्या असणार. पण कोरा कागद छातीशी धरून हसायचं, हे मला ‘ल’पेक्षा बरं वाटेना.

“नको सर,” मी म्हटलं. “मिळालं नाही ते मिळाल्यासारखं कशाला?”

“पाहुण्यांना काय सांगशील?”

“विचारलं तर खरं सांगेन.”

कुंदा आधी गेली. पाहुण्यांनी टेबलाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, तिने हात जोडले आणि मान वर करून उतरली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. तिसरी मुलगी तशीच उतरल्यावर कोणीतरी हसलंसुद्धा. मग माइकवरून सरांचा आवाज आला, “गोळाफेक, तृतीय क्रमांक, सुलक्षणा सहदेव कांबळी,” आणि मी पायऱ्या चढले.

पाहुणे म्हातारे होते, हात पुढे करून थांबलेले. “अरे, तुमचं प्रशस्तिपत्र कुठे?”

“सोमवारी येतंय,” मी म्हटलं. “नाव चुकलं होतं. ते मी परत पाठवलं.”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझा रिकामा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. फोटोवाल्याने विचारलं, काढू का? मी म्हटलं, काढ.