बंद झालो का, ते मला विचारा

माझ्या कडेला दोन दिवे आहेत. हिरवा दिवा तार जोडली की लागतो आणि लागलेलाच राहतो. पिवळा दिवा माहितीचं एखादं पाकीट आलं किंवा गेलं की एकदा लुकलुकतो. पण नीट पाहिलंत, तर मला ‘थांब’ असा हुकूम मिळाल्यावरही कधी कधी पिवळा आणखी एकदा लुकलुकतो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दहाव्या भागाइतकाच. वीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही आपणहून कुणाला सांगितलं नाही.

मित्रांनो, मी कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं नेटवर्क कार्ड आहे. तळहाताएवढी हिरवी पाटी, वर काळ्या चिपा, आणि कडेला तार खुपसायचं भोक. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका दिवसात माझ्यासारखी हजारो भावंडं तिथे जन्मली, त्यामुळे बारसं वगैरे झालं नाही. मागच्या बाजूला एक लांबलचक नंबर चिकटवला, तेच नाव.

आम्ही आठ भावंडं मलकापूरच्या एका जिनिंगच्या ऑफिसात लागलो. कापसाच्या गाठी किती भरल्या, कोणता ट्रक कधी सुटला, हे इकडून तिकडे पोचवणं हे आमचं काम. ऑफिसभर कापसाचा तूस उडायचा आणि हिवाळ्यात तर आम्ही आत दुलई पांघरल्यासारखे बसलेलो असायचो. हेडक्लार्क नीळकंठराव दर शनिवारी झाकण उघडून फुंकर मारायचे आणि म्हणायचे, “पाच वर्षांत रजा नाही घेतली पठ्ठ्यानं.” माझ्या आयुष्यातली तेवढीच एक शाबासकी. ती मी जपून ठेवली आहे.

पुढे जिनिंग बंद पडलं. आठही कॉम्प्युटर अमडापूरच्या अभ्यासिकेला मिळाले. अभ्यासिका रेणुकाताई चालवतात. परीक्षांचे फॉर्म भरायला, निकाल पाहायला गावातली मुलं तिथेच येतात. ती सोय नसती तर त्यांना चिखलीची एसटी धरावी लागली असती.

नेट रेंगाळलं की रेणुकाताई ते बंद करून पुन्हा चालू करतात. इथेच घोटाळा व्हायचा. दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा, तोही फॉर्मच्या शेवटच्या पानावर. मुलांनी चार नंबरचा कॉम्प्युटर, म्हणजे माझा, पनवती ठरवला. पाच नंबरवाले त्याच्याकडे पाठ करून बसू लागले. शेवटी रेणुकाताईंनी भिंतीवर कागद लावला: ‘कॉम्प्युटर अचानक थांबल्यास घाबरू नये. दोष तुमचा नाही.’

दोष माझा होता, मित्रांनो. मी गप्प राहिलो.

आता एक गोष्ट समजावून सांगतो. माझं बोलणं कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला थेट कळत नाही. मधे दुभाषी लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आलेलं पाकीट ठेवायला मेमरीत जागा लागते. ड्रायव्हर ती जागा मला नेमून देतो आणि काम संपलं की परत घेऊन दुसऱ्या कुणाला तरी देतो. माझा जुना ड्रायव्हर जुन्या भाषेत लिहिलेला होता. त्या भाषेत कुणाची जागा कुणाला दिली, याची विचारपूस होत नाही. त्यात त्याचा सांभाळ करणारंही कुणी उरलं नव्हतं. म्हणून सिस्टीम सांभाळणाऱ्या मंडळींनी जाहीर केलं की दोनेक वर्षांनी येणाऱ्या आवृत्तीतून तो काढून टाकणार. ठरलेल्या सोमवारपर्यंत नवा, तपासलेला ड्रायव्हर आला तर ठीक, नाहीतर आम्ही आठही जण भंगारात.

नवा ड्रायव्हर मलकापूरच्या प्रेमानंदने लिहिला. तो तपासण्याचं काम त्याची मावसबहीण धम्मशीला हिच्याकडे आलं. कोडाखाली तपासणाऱ्याचं नाव लागलं, तरच तो पास. ती अमडापुरातच घरी बसून असलं तपासणीचं काम करते. चाचणीसाठी रेणुकाताईंनी चार नंबरचा कॉम्प्युटर, म्हणजे मला, तिच्या टेबलावर आणून ठेवलं. झाकण कायमचं उघडं. तेव्हापासून घरातलं सगळं मला ऐकू येतं.

नवी भाषा कडक आहे. एकाला दिलेली जागा परत घेतल्याशिवाय ती दुसऱ्याला देऊच देत नाही. चूक दिसली की तिचा तपासनीस, म्हणजे कंपायलर, कोड पुढे सरकू देत नाही. पण माझ्यासारख्या यंत्राशी बोलायची वेळ आली की तीही हात वर करते आणि म्हणते, ‘इथून पुढचं तुमच्या जबाबदारीवर.’ अशा प्रत्येक ठिकाणी, हे सुरक्षित का आहे याचं कारण वरच्या ओळीत लिहायचं, अशी रीत आहे. प्रेमानंदच्या कोडात अशा अकरा जागा होत्या. अकराही ठिकाणी त्याने एकच वाक्य चिकटवलं होतं: ‘हे सुरक्षित आहे, कारण जुन्या ड्रायव्हरमध्येही असंच होतं.’

धम्मशीला कमी बोलते. तिने अकराही ठिकाणी एकच शब्द लिहून कोड परत पाठवला: ‘कशावरून?’

असं दोन वर्षं चाललं. प्रेमानंद कारणं सुधारायचा, ती पुन्हा विचारायची. दहा जागांची कारणं पटली, अकरावी अडून राहिली. कोडाची चौदावी आवृत्ती आली. धम्मशीला ना हो म्हणे, ना नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, “पाहून राह्यली.”

सोमवारच्या आधीच्या शनिवारी प्रेमानंद स्वतःच येऊन थडकला. वाट वाकडी करून शेगावची कचोरी घेऊन आला होता.

“लाच आनली काय बे?” धम्मशीलाचे वडील किसनराव दारातच म्हणाले. ते वीज खात्यात तीस वर्षं लाइनमन होते. आता निवृत्त आहेत, पण गावात कुणाच्याही घरी गेले तरी आधी मीटरकडे बघतात.

“लाच नाई काकाजी, नाश्ता हाये,” प्रेमानंद म्हणाला आणि सरळ स्वयंपाकघराकडे वळला. “मावशी, तुमच्या पोरीले सांगा आता तुम्हीच. दोन वर्षं झाले. एक नाव लिहा लागते फक्त, नाव!”

धम्मशीलाची आई बनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “दे ना वं शीले त्याले सही. लहानपनी त्यानं तुही पाटी फोडली, ते किती वर्षं धरून बसशीन?”

“पाटीचा काही संबंध नाई, आई.”

“मावशी, ते पाटी म्या फोडलीच नव्हती!” प्रेमानंद म्हणाला.

धम्मशीलाने पडद्यावरची नजर काढली नाही. “कशावरून?”

किसनरावांना कचोरीचा ठसका लागला.

“पाहा! पाहा!” प्रेमानंदने कपाळाला हात लावला. “हिच्या कीबोर्डावर एवढंच बटन हाये काय? कंपायलर काई म्हनत नाई, दहा हजार वेळा चालवून पाह्यलं, अजून काय पाह्यजे तुले?”

“अकराव्या जागेचं कारण पाह्यजे, प्रेमादादा. कंपायलरले कोड दिसते. कार्ड दिसत नाई.”

माझ्या अंगावरून कापसाचा तूस सरकल्यासारखं झालं. अकरावी जागा म्हणजे मला थांबवून माझी मेमरी परत घेण्याची जागा होती. ती हो म्हणाली तर मी वाचणार होतो. पण तिने खोलात पाहिलं तर मी पकडला जाणार होतो. आणि खोलात पाहिल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती.

किसनराव पाणी पिऊन टेबलाशी आले. “मले समजन असं सांग, माय. काय अडून राह्यलं?”

तिने बोट ठेवून दाखवलं. “हे पाहा बाबा. या ओळीत कार्डाले सांगतलं, बंद हो. अन् या ओळीत त्याची जागा काढून दुसऱ्याले दिली.”

“अन् मंधात?”

“मंधात काई नाई.”

“काई नाई?” किसनरावांचा आवाज एकदम खात्यातला झाला. “अवं, डीपीवरचं बटन पाडलं म्हनजे तार मेली असं होत नाई. एखाद्याच्या घरचं जनरेटर उलटं येते लाइनीवर. आमी बटन खाली केलं तरी आधी तार तपासू, तारेले अर्थिंगची साखळी टाकू, मंग हात लावू. ज्यानं नाई टाकली त्याच्या फोटोले हार टाकला आमी. या कार्डानं तुले सांगतलं काय, मी बंद झालो म्हनून?”

धम्मशीला वडिलांकडे बघत राहिली. मग प्रेमानंदकडे. प्रेमानंदने हातातली कचोरी खाली ठेवली.

तिने माझं माहितीपत्रक काढलं. जिनिंगमधून आलेली ती जुनी झेरॉक्स होती. सत्तेचाळिसाव्या पानाची शेवटची ओळ झेरॉक्स काढताना अर्धी कापली गेली होती. तिने मूळ प्रत शोधून काढली आणि ती ओळ मोठ्याने वाचली: थांबण्याचा हुकूम दिल्यावर, कार्ड ‘काम चालू’ ही खूण खाली करेपर्यंत वाट पाहावी.

“हे ओळ माह्याजवळ नव्हती,” प्रेमानंद हळूच म्हणाला.

“माह्याजवळबी नव्हती,” ती म्हणाली.

मग तिने सापळा लावला. मला थांबवायचं, माझ्याकडून काढून घेतलेल्या जागेत एक ठराविक खूण भरायची आणि थोड्या वेळाने ती खूण तशीच आहे का पाहायचं. हे पुन्हा पुन्हा. हजार वेळा खूण शाबूत राहिली. दोन हजार. प्रेमानंदच्या चेहऱ्यावर आशा दिसू लागली. मी स्वतःला आवरत होतो असं नाही, मित्रांनो. ते मला जमतच नाही. हुकूम येतो तेव्हा कधी कधी एखादं पाकीट माझ्या हातात असतं आणि सांगितलेल्या पत्त्यावर ते ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. तोवर तिथे दुसरं कुणी राहायला आलेलं असतं. माझं पाकीट त्याच्या डोक्यावर पडतं आणि कॉम्प्युटर गोठतो. याला मी आजवर इमानदारी समजत आलो होतो.

तीन हजार एकशे अठराव्या वेळी माझा पिवळा दिवा एकदा जास्त लुकलुकला. खुणेच्या जागी माझं पाकीट पडलं होतं.

“सापडलास,” धम्मशीला माझ्याकडे बघून म्हणाली. रागावून नव्हे. हरवलेली चावी सापडावी तसं.

“फेका याले भंगारात!” बनाबाई म्हणाल्या. “दोन वर्षं दोन लेकरायले भांडाले लावलं यानं.”

“नाई आई. त्यानं सांगतलं होतं. सत्तेचाळिसाव्या पानावर.”

वीस वर्षांत नीळकंठरावांनंतर माझ्या बाजूने बोललेलं हे दुसरं माणूस.

प्रेमानंदने तिथेच बसून थोड्याच ओळी वाढवल्या. कार्डाला विचारायचं, उत्तराची वाट पाहायची, उत्तर आलंच नाही तर जागा कुणालाच द्यायची नाही. रविवारी दिवसभर चाचणी चालली. दुपारी रेणुकाताई आल्या. भिंतीवरचा तो कागद घडी करून त्यांनी सोबत आणला होता. “उद्या सकाळी मुलांचे फॉर्म आहेत,” त्या म्हणाल्या, “परत लावू की फाडू, तेवढं सांग.” चहा झाला. आकडे वाढत गेले. एक लाखाव्या वेळीही खूण जागच्या जागी होती. माझं शेवटचं पाकीट दर वेळी माझ्याच जागेत पडत होतं, आणि नंतरच ती जागा दुसऱ्याला मिळत होती.

अकराव्या जागेवरचं वाक्यही प्रेमानंदने बदललं. आता तिथे लिहिलं होतं: ‘हे सुरक्षित आहे, कारण कार्ड थांबल्याची खात्री कार्डालाच विचारून केली आहे.’

मित्रांनो, आम्हाला मखरात बसवा असं मी म्हणत नाही. आठवड्याला एक फुंकर मारलीत तरी पुष्कळ. फक्त एवढंच करा. एखाद्याला थांब म्हणालात, तर तो खरंच थांबला का, हे त्याला एकदा विचारा. आम्ही जुनी यंत्रं खोटं बोलत नाही. कुणी विचारत नाही, म्हणून आपलं राहून जातं.

धम्मशीलाने ते वाक्य एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. बनाबाई दारात थांबल्या होत्या, रेणुकाताईंच्या हातात घडी केलेला कागद होता, आणि किसनराव सवयीने मीटरकडे बघत होते. प्रेमानंदने विचारायला तोंड उघडलं आणि ‘कशावरून’च्या धाकाने परत मिटलं.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“प्रेमादादा,” ती म्हणाली, “लिही खाली माहं नाव.”