टेबल आत जाईना

"मावशी, तुम्ही म्हणाल तर चौथ्यांदा लावून बघतो, पण हे काही आत जायचं नाही," हमालांचा मुकादम म्हणाला आणि घाम पुसत जिन्यातच बसला. त्याच्यामागे, माडीवरच्या खोलीच्या दारात, तिचं शिवणकामाचं टेबल अडकून बसलं होतं. धड आत नाही, धड बाहेर नाही.

सकाळपासून या घराने तिचा अंत पाहिला होता. खाऱ्या हवेने कड्या गंजलेल्या, दारं फुगलेली. नळ सोडला की आधी खोकल्यासारखा आवाज, मग तांबडं पाणी. तिने सगळं निमूटपणे गिळलं. नवऱ्याच्या दम्याला समुद्राची हवा हवी, म्हणून या गावात यायला ती तयार झाली होती. तिची अट एकच होती: टेबल माडीवर, खिडकीपाशी. एकतीस वर्षं तिने दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून कपडे बेतले होते. आता मान वर केली की तिला समुद्र दिसायला हवा होता.

"तीस इंच म्हणालीस ना तू?" नवरा वरून ओरडला. जन्मभर नळ-पाइप जोडलेला माणूस, पोलादी टेप खिशात नाही असा दिवस जात नसे. "दार साडेतीस आहे. मी स्वतः मोजलंय."

"टेबल तीसच आहे. दोनदा मोजलंय मी."

"मग काय वाटेत फुगलं?"

"फुगायचं काम तुमच्या या घरातल्या दारांचं. माझ्या टेबलाचं नाव घेऊ नका."

मुकादमाने हसू लपवायला तोंड फिरवलं. नवऱ्याने टेबलाला टेप लावून बघितली. "एकतीस!" तो म्हणाला, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

ती तरातरा वर गेली. गळ्यातली कापडी टेप काढून तिने टेबलाच्या रुंदीवर ताणली. तीस. नवऱ्याने तिच्या टेपेशेजारी आपली टेप धरली. तिचा तीसचा आकडा त्याच्या एकतीसवर येऊन थांबला होता.

"ओढून ओढून सैल झालीय तुझी टेप," तो हसायला लागला. "म्हणजे एकतीस वर्षं लोकांना चुकीच्या मापाचे कपडे घातलेस!"

"एकाचाही कपडा परत आलेला नाही," ती फणकारली.

ते खरंच होतं. ज्या टेपेने माणूस मोजला त्याच टेपेने कापडही बेतलं, मग कुणाचं काय अडणार? पण तिचा चेहरा तापला. तिला टेपेचा राग आला, दाराचा आला, आणि सगळ्यात जास्त राग त्या हसण्याचा आला.

"चौकट काढता येईल," मुकादमाने सुचवलं. घरमालकाने भिंतीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. मग टेबलाची वरची फळी काढायची? ती तिच्या थोरल्या भावाने सरस लावून, खिळे मारून अशी बसवली होती की काढताना दुभंगलीच असती.

"खालीच ठेवू ना, मागच्या खोलीत," नवरा समजुतीने म्हणाला. "मस्त दिवा लावून देतो."

"तिथे खिडकी आहे?"

"खिडकी नाही, पण..."

"मग बोलू नका."

टेबलाखाली सगळे खण होते. तीन बाजूंनी फळी त्यांच्याशी सपाट, पुढून तेवढी दोन इंच बाहेर आलेली. त्या पुढच्या कडेला मधोमध उथळ खळगा पडला होता. तिथे पोट टेकून ती इतकी वर्षं उभी राहिली होती, दोन्ही बाळंतपणांच्या आधी तर नवव्या महिन्यापर्यंत.

तिने खिशातून खडू काढला. "तुमची टेप द्या. आणि करवत आणा."

नवऱ्याचं हसू मावळलं. "अगं, तुझ्या दादाच्या हातचं आहे ते. डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

"टेप द्या म्हटलं ना."

हमालांनी टेबल दारातून मागे ओढलं आणि तिने पुढच्या कडेपासून एक इंच मोजून रेघ मारली. जन्मभर खडूच्या रेघेबाहेर चार बोटं कापड राखत आलेली बाई ती, आज राखायला काही नव्हतं. नवऱ्याने करवत धरली, पण ती चार वेळा ओढताच भुशाने त्याला ढास लागली. तिने करवत काढून घेतली आणि दात आवळून स्वतः चालवली. पट्टी खाली पडली. त्यानंतर टेबल चौकटीला घासत, कुरकुरत आत गेलं.

माणसं गेल्यावर ती खिडकीपाशी उभी राहिली. समुद्र सांगितल्याप्रमाणे समोर होता. पण टेबलाची नवी कड पोटाला टोचत होती. वाऱ्याने खिडकी सारखी आपटत होती, म्हणून तिने ती कापलेली पट्टी फटीत अडकवली. खळगा आतल्या बाजूला राहिला.

नवरा दारात येऊन उभा राहिला.

"पॉलिश पेपर आणू का? कड मऊ करून देतो."

"नको," ती म्हणाली. "होईल हळूहळू."

पहिला खळगा पडायला एकतीस वर्षं लागली होती, आणि ती आता चौसष्ट वर्षांची होती. त्याने तिची कात्री उचलून तिच्या हातात दिली.